आजीच्या पेटीतली नोट

दिवाळीच्या आधी घरातली जुनी पेटी उपसताना पोथीच्या पानांत, लुगड्याच्या घडीत किंवा डाळीच्या डब्याच्या तळाशी एखादी जुनी नोट तुम्हांला सापडली असेलच. मग घरात चर्चा सुरू होते. नातू मोबाइल काढून सांगतो, "आजी, ट्रॅक्टरवाल्या पाचाच्या नोटेले लाखो रुपये भेटतात!" आजी म्हणते, "काहाले भेटतीन बाप्पा? पाचच लिहेल हायेत तिच्यावर."

आजीचेच म्हणणे धरून चाला. आमच्या नात्यातल्या अकोटकडच्या एका पोराने अशा नोटेचा फोटो अनोळखी माणसाला पाठवला. त्याने आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, मग नोट न्यायला येणाऱ्या माणसाच्या प्रवासाचे. सोयाबीनच्या पट्टीतले साडेआठ हजार रुपये गेले, नोट मात्र घरीच राहिली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सूचना काढली आहे: जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहाराशी बँकेचा संबंध नाही, ती त्यासाठी कसली फी किंवा दलाली घेत नाही, आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. विकत घेणाराच आधी पैसे मागू लागला, तर फोन ठेवून द्या. ट्रॅक्टरच्या नोटा इतक्या अमाप छापल्या गेल्या, की नुसत्या ट्रॅक्टरपायी त्यांना सोन्याचा भाव येण्याचे कारण नाही.

मग नोट टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती पाहायची. एक भिंग आणा, ओसरीवर उजेडात बसा आणि पोरांना जवळ घ्या.

आधी कागदाकडे पाहा. आपल्याकडच्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाचा असतो. म्हणून तर खिशात घामाने भिजूनही तो वहीच्या पानासारखा विरघळत नाही. असा कागद करणारी सरकारी गिरणी 1968 मध्ये सुरू झाली ती मेळघाट ओलांडून सातपुड्यापलीकडे, नर्मदाकाठच्या होशंगाबादला. त्या गावाला आता नर्मदापुरम म्हणतात. छपाई आपल्या नाशिकरोडला 1928 पासून होते. त्याआधी नोटा विलायतेहून छापून येत. आपण कापूस विकून नोटा घेतो आणि त्या नोटाही कापसाच्याच, हे कळल्यावर आमच्या घरची म्हातारी मंडळी खूप हसली होती.

आता शंभराची नवी नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून हळूच बोट फिरवा. रेघा बोटाला लागतात. ही कोरीव छपाई. कारागीर भिंगाखाली टोकदार हत्याराने पोलादाच्या पत्र्यावर उलटे चित्र कोरतो. हल्ली यातले पुष्कळ काम यंत्राने होते. पत्र्यावर शाई फासून वरची पुसून घेतात. सरीत पाणी थांबते तशी ती खाचांमध्ये तेवढी उरते. मग भयंकर दाबाखाली कागद त्या खाचांत शिरतो आणि शाई उचलून घेतो. गालावरची सावली रंग फासून केलेली नसते. जवळजवळ आणि कमी-अधिक खोल रेघा कोरून ती साधलेली असते. खोट्या नोटेवर नेमके हेच जमत नाही, म्हणून बाजारात नोट घेताना डोळ्यांइतकाच बोटांवर भरवसा ठेवा.

या कलेचे जगभर शौकीन आहेत आणि स्वित्झर्लंडच्या जुन्या नोटा त्यांच्या विशेष आवडीच्या. 1911 मध्ये तिथे शंभर फ्रँकची नोट निघाली. तिच्या पाठीवर राजा नाही, राणी नाही; लांब दांड्याच्या विळ्याने उभ्या उभ्या गवत कापणारा शेतकरी आहे. पन्नासच्या नोटेवर कुऱ्हाड उगारलेला लाकूडतोड्या. दोन्ही चित्रे फर्डिनांड होडलर या मोठ्या चित्रकाराची. पुढे 1950 नंतरच्या मालिकेत तिथल्या पन्नासच्या नोटेवर सफरचंदांची तोडणी आली. श्रीमंत देशाने आपल्या सर्वांत मौल्यवान कागदावर कष्टकऱ्याला बसवावे, हे मला फार आवडते.

त्या होडलरच्या नोटा लंडनच्या वॉटरलो आणि सन्स या कारखान्यात छापल्या. त्याच कारखान्यात निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या नोटाही छापल्या जात. पुढे ते काम नाशिकला आले. त्या नोटांवर उर्दूबरोबर मराठीही असे. आपला वऱ्हाड 1853 पासून इंग्रजी कारभाराखाली, त्यामुळे इथे इंग्रजी रुपया चाले. पण पैनगंगा ओलांडून हिंगोलीकडे गेले की हाली सिक्का. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, असा हिशेब नदीकाठच्या माणसांना तोंडपाठ असे. ज्यांच्या घरी पणजीचे माहेर पलीकडचे, त्यांनी तिची पेटी एकदा नीट पाहावी.

आपल्या दाराजवळची एक नोट तर प्रत्येकाने पाहावी अशी आहे. 1969 मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला दोन, पाच, दहा आणि शंभराच्या खास नोटा निघाल्या. त्यांत बापू मांडी घालून बसले आहेत आणि मागे सेवाग्रामची कुटी दिसते. बडनेऱ्याहून रेल्वेत बसले की वर्धा किती लांब? त्यातल्या काही नोटांवर आडारकरांची सही सापडते. ते 1970 मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, म्हणून संग्राहक त्या सहीला जपतात. त्याहून जुनी राजाच्या चित्राची नोट मिळाली तर चिंतामणराव देशमुखांची सही शोधा. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांची नोकरी सुरू झाली ती मध्यप्रांत-वऱ्हाडातच. एक रुपयाच्या नोटेवर मात्र गव्हर्नरांना शोधू नका, ती सही अर्थसचिवांची असते.

कायद्याचे एक ध्यानात ठेवा. नोव्हेंबर 2016 मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आठवण म्हणून ठेवायच्या तर सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त नकोत. अभ्यासासाठी वा संग्रहासाठी पंचविसापर्यंत चालतात. 2017 च्या कायद्यात जास्तीला किमान दहा हजारांचा दंड आहे. पाचाची ट्रॅक्टरवाली नोट मात्र आजही चलनात आहे, दुकानदार तोंड वाकडे करो की न करो.

नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटली तरी चिकटपट्टी लावू नका. प्लॅस्टिकमध्ये पक्की करून आणण्याचा मोह होतो, तो टाळा. कोऱ्या कागदाच्या पाकिटात एकेक नोट सरळ ठेवा, पावसाळ्यात ओल आणि कसर लागणार नाही अशा जागी. पाकिटावर आधी पेन्सिलीने लिहून घ्या, मग नोट आत घाला. आणि काय लिहायचे ते आजीला आताच विचारा: ही कोणी आणली, कोणत्या वर्षीच्या कापसाच्या चुकाऱ्यातली आणि ती खर्च का नाही केली.