युद्धकाळातील विद्यार्थिमत आणि मराठी साहित्याचे वाचन (१९३९-१९४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील महाविद्यालयीन विद्यार्थी म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बेचाळीसचा तरुण उभा राहतो : वर्ग सोडलेला, भूमिगत झालेला वा तुरुंगात गेलेला. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या काळातील साहित्य शिकविताना आपण ते पुरेसे मानतो. वस्तुतः आपण कोणत्या युद्धात आहोत याविषयीच त्या पिढीत वाद होता, आणि तो मुख्यतः शब्दांचा वाद होता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. राष्ट्रवादी व साम्यवादी विद्यार्थी प्रारंभी या युद्धाला 'साम्राज्यशाही युद्ध'च मानीत. तरीही १९३६ साली लखनौ येथे स्थापन झालेले विद्यार्थी फेडरेशन डिसेंबर १९४० मध्ये नागपूरला दुभंगले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले आणि त्या वर्षअखेरीपर्यंत साम्यवाद्यांच्या लेखी तेच युद्ध 'लोकयुद्ध' ठरले. पुढे याच नावाचे साप्ताहिकही निघाले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला तेव्हा विद्यार्थ्यांपुढे परस्परांना छेद देणाऱ्या दोन हाका होत्या. तिसरी हाक सावरकरांची, सैनिकीकरणाची होती. ब्रिटिशांच्या सैन्यात शिरून शस्त्रविद्या हस्तगत करावी, असे ते तरुणांना सांगत.

चौथ्या भूमिकेकडे आपल्या वाङ्मयेतिहासांचे लक्ष क्वचितच जाते. डॉ. आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. नाझीवादाचा विजय हा मानवी स्वातंत्र्यावरचा घाला ठरेल, असे त्यांचे मत होते. महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली होती व पहिल्या महायुद्धात ती थोडाच काळ उघडली होती. १९४१ मध्ये महार बटालियनच्या रूपाने ती पुन्हा सुरू झाली. त्यामुळे 'सैनिक' या शब्दाला दलित तरुणाच्या मनात निराळाच अर्थ होता. 'महाविद्यालयाचा त्याग' या शब्दप्रयोगाचेही तसेच. त्याग हा हाती असलेल्या वस्तूचा असतो. ज्याच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात होती, त्याने ती उतरावी की नाही हा प्रश्न देशभक्तीच्या एकाच मापाने मोजता येत नाही. बेचाळीसच्या विद्यार्थ्याचे जे प्रातिनिधिक चित्र आपण मानतो, ते बव्हंशी पांढरपेशा घरातील मुलाचे आहे, असे मला वाटते.

साहित्याकडे वळल्यास आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ साली प्रसिद्ध झाला आणि चळवळीशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. पण त्यातील कविता ठरावापूर्वीच्या वर्षांत लिहिलेल्या आहेत. चळवळीने त्या कवितेला अर्थ दिला, असेही म्हणता येईल. लोकयुद्धाच्या भूमिकेला मराठीत ठसठशीत रूप दिले ते अण्णाभाऊ साठे यांच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने. त्यांनी शाळेचा उंबरठा जेमतेमच ओलांडला होता, हे विद्यार्थिमताचा शोध घेणाऱ्याने विसरू नये.

राहिली महाविद्यालयांची वार्षिके. प्राचार्यांच्या नजरेखालून जाणाऱ्या आणि भारत संरक्षण कायद्याच्या छायेत छापल्या जाणाऱ्या अंकात राजकारण उघडपणे येणे कठीणच. म्हणून तेथे अग्रलेखापेक्षा वादविवाद स्पर्धांचे विषय, स्नेहसंमेलनाचे वृत्तान्त आणि ऐतिहासिक वेषातील कविता अधिक बोलक्या ठरतात. शिवकालावरील एखादी सामान्य कविता १९४३ च्या अंकात सामान्य राहत नाही. आत्मचरित्रे याच्या उलट टोकाला आहेत. त्यांत सारे मोकळेपणी येते, परंतु १९४७ नंतरच्या प्रकाशात. तोपर्यंत 'लोकयुद्धवाले' हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला होता. त्यामुळे एकाची आठवण विजयाच्या सुरात येते, तर दुसऱ्याची खुलाशाच्या.