सुरकुत्यांची करामत

हॉटेलातल्या टेबलावर ग्लासात खोचून ठेवलेले कागदी नॅपकिन तुम्ही पाहिले आहेत ना? पातळ, पांढरे आणि एका बाजूने गुळगुळीत. सांडलेल्या पाण्यावर त्यातला एक टेकवला की पाणी पुढे पुढे पळतं आणि नॅपकिनचा बोळा होतो. तेच किचन रोलचा तुकडा टाका, टेबल लगेच कोरडं! दोन्ही कागदच, मग असं का?

एक नॅपकिन घ्या, हळूच फाडा आणि फाटलेली कड उजेडाकडे धरा. बारीक लव दिसेल. भिंग असेल तर फारच छान! हे लाकडातले तंतू. लांबी साधारण 1 ते 3 मिलिमीटर, जाडी तुमच्या केसापेक्षाही कमी. ते बनलेले असतात सेल्युलोजचे. कागद कुणी विणत नाही. पाण्यात कालवलेला तंतूंचा लगदा जाळीवर पसरतात, पाणी निथळून जातं आणि वाळता वाळता तंतू आपणहून एकमेकांना चिकटतात. त्यासाठी डिंकसुद्धा लागत नाही. सेल्युलोजचे रेणूच एकमेकांना धरून ठेवतात. पण पाणी आलं, की ते शेजाऱ्याचा हात सोडून पाण्याचा हात धरतात! पावसात भिजलेली वही म्हणूनच उचलताच फाटते.

तंतूंच्या मधे असते भरपूर मोकळी जागा. पाणी त्या चिंचोळ्या फटींमधून आपोआप पुढे सरकत जातं, अगदी वरच्या दिशेनेही. याला म्हणतात केशाकर्षण. म्हणजे पाणी टिपायचं तर कागदात फटी हव्यात, पुष्कळ हव्यात.

त्या वाढवायच्या कशा? इथे यंत्राची गंमत आहे. ओला पातळ कागद वाफेने तापवलेल्या लोखंडाच्या अवाढव्य रुळाला चिकटतो, बघता बघता वाळतो आणि एक पातं त्याला खरवडून काढतं. खरवडताना कागद गोळा होतो आणि त्याला शेकडो बारीक चुण्या पडतात. त्या चुण्यांमुळे कागद मऊ होतो, फुगीर होतो आणि पाण्याला शिरायला जागाच जागा मिळते. हॉटेलातला चकचकीत नॅपकिन मात्र तापलेल्या गुळगुळीत रुळावर वाळून न चुरगळता सरळ निघतो. चुण्या नाहीत, फटी कमी. मग पाणी जाणार कुठे?

किचन रोलमध्ये आणखी एक युक्ती असते. त्यात थोडं राळेसारखं रसायन मिसळतात, ते ओल्या तंतूंनाही धरून ठेवतं. टॉयलेट पेपरमध्ये ते सहसा घालत नाहीत, कारण तो पाण्यात विरघळल्यासारखा सुटा व्हायलाच हवा, नाहीतर संडासाचा पाइप तुंबेल.

आता शाळेच्या स्नेहसंमेलनाकडे चला. पताका आणि फुलं करायला आणतो तो क्रेप कागद आठवा. त्यालाही चुण्याच! पाकळी कापताना चुण्या उभ्या राहतील अशी कापा. मग दोन्ही अंगठे मधोमध ठेवून पाकळी हलकेच आडवी ताणा. मधल्या चुण्या उलगडतात, कडेच्या तशाच राहतात आणि सपाट कागदाची खोलगट पाकळी होते. साधा घोटीव कागद असा ताणून बघा, तो फाटेल. कागदाच्या फुलांमध्ये मला हीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

काही कागदांना मात्र फटी नकोच असतात. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव शेकडो वर्षं हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या काळी लिहायच्या हातकागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. शाई नॅपकिनवर टेकवली तर काय होईल, ते तुम्हाला आता सांगायला नको!

आणि भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रावरचा तेलाचा डाग? तो उजेडात धरला तर आरपार उजेड दिसतो. कोरड्या कागदात तंतू आणि हवा यांच्यामधे प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेल त्या हवेची जागा घेतं, विखुरणं कमी होतं आणि प्रकाश पलीकडे जातो. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो. (छापील कागदावर मात्र खाऊ ठेवून खायचं नाही बरं का, शाई पोटात जाते.)

शेवटी एक प्रयोग. चुणीदार नॅपकिनची लांब पट्टी कापा. खालच्या टोकापासून दोन बोटं वर काळ्या स्केचपेनने जाड ठिपका काढा. टोक पाण्यात बुडवा, ठिपका पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढेल आणि ठिपक्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतील. जो रंग पाण्यात सहज विरघळतो तो लांब जातो, जो तंतूंना चिकटून राहतो तो मागे पडतो. कागदाच्या पट्टीवर मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या या युक्तीमागे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांचं संशोधन आहे. त्यांना 1952 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या रेणूची रचना उलगडताना कागदाच्या अशाच पट्ट्या वापरल्या होत्या!

तुमची रंगीत पट्टी वाळवून तिची पाकळी करा. आणि हाच प्रयोग पर्मनंट मार्करने करून बघा. त्याचा ठिपका जागचा हलत नाही. का बरं?