कार्बनचा लाखो वर्षांचा हिशेब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहा. काळ्या कातळाच्या गोट्यांवरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तांबूस थर सुटत असतात. ते बोटाने चुरतात आणि पायथ्याशी मुरूम साचतो. हा कातळ झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. पृथ्वीवर जीवसृष्टी किती काळ टिकेल, हे बऱ्याच अंशी या संथ झिजेवर अवलंबून आहे. पण तिच्याविषयीचे काही गैरसमज आज आपल्याला महागात पडू शकतात.

गैरसमज १ : हवेतल्या कार्बनचा समतोल झाडंच राखतात.

वस्तुस्थिती : झाड वाढताना कार्बन घेतं आणि कुजताना किंवा जळताना परत करतं. हा फेरा काही वर्षांचा, फार तर काही शतकांचा असतो. लाखो वर्षांचा हिशेब खडकांकडे आहे. पृथ्वीच्या कवचातले खडक, समुद्र, हवा आणि सजीव यांतला मिळून ९९ टक्क्यांहून अधिक कार्बन खडकांतच आहे.

पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते किंचित आम्ल होतं. मातीत मुरताना मुळांच्या श्वसनामुळे ही आम्लता आणखी वाढते. असं पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवतं. कार्बन बायकार्बोनेट होऊन नद्यांवाटे समुद्रात जातो. तिथे शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म प्लवक त्यातून कवचं घडवतात आणि ती तळाशी साचून चुनखडक होतो. पुढे कोट्यवधी वर्षांनी यातला काही चुनखडक भूपट्टांबरोबर खोल जातो, तापतो आणि त्यातला कार्बन ज्वालामुखींतून पुन्हा वर येतो.

या कामात आपला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे घाटातला तोच काळा कातळ, फार तत्पर आहे, कारण तो ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो. सिलिकेट खडकांच्या झिजेतून जगभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, त्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा बेसॉल्टचा आहे.

गैरसमज २ : ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन सोडतात.

वस्तुस्थिती : जगातले सारे ज्वालामुखी मिळून वर्षाला साधारण १३ ते ४४ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात, असा अंदाज आहे. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून आपण सोडतो तो सुमारे ३,७०० कोटी टन. म्हणजे फरक शंभर पटीच्या घरात जातो.

गैरसमज ३ : पृथ्वी स्वतःच सावरेल, मग काळजी कशाला?

वस्तुस्थिती : पृथ्वी सावरते, हे खरं. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये तिची रीत मांडली. तापमान वाढलं की पाऊस आणि खडकांची झीज वाढते, कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तापमान उतरतं. थंडी वाढली की झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायू हवेत साठतो आणि पृथ्वी पुन्हा उबदार होते.

प्रश्न वेगाचा आहे. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत प्रचंड कार्बन मिसळला आणि पृथ्वी पाचेक अंशांनी तापली. पूर्ववत व्हायला तिला एक ते दोन लाख वर्षं लागली. आपली मानवजात अस्तित्वात येऊनच जेमतेम तीन लाख वर्षं झाली आहेत. आणि आपण हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दोन-अडीच शतकांत दहा लाखांत २८० भागांवरून ४२० भागांच्या पुढे नेलं. पृथ्वीचा उपाय खात्रीचा आहे, पण तो आपल्या नातवंडांच्या उपयोगाचा नाही.

गैरसमज ४ : सूर्य आहे तोवर जीवसृष्टी आहे.

वस्तुस्थिती : सूर्याकडे अजून सुमारे ५०० कोटी वर्षांचं इंधन आहे, पण जीवसृष्टीची मुदत त्याहून बरीच कमी आहे. सूर्य दर ११ कोटी वर्षांत साधारण एक टक्क्याने प्रखर होतो. त्यामुळे झीज वाढत जाईल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घटत जाईल. वनस्पतींपुढे प्रश्न उपासमारीचा असेल.

तांदूळ, गहू, तूर, आंबा आणि बहुतेक सारी झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे १५० भागांच्या खाली गेला, तर तग धरू शकत नाहीत. वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात हे प्रमाण १८० पर्यंत उतरलं होतं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत कार्बन एकवटण्याची वेगळी सोय असते, म्हणून ती फारच कमी कार्बनवर भागवू शकतात. जेम्स लव्हलॉक आणि मायकेल व्हिटफील्ड यांनी १९८२ मध्ये फक्त १० कोटी वर्षांची मुदत सांगितली होती. केन काल्डेरा आणि कास्टिंग यांनी १९९२ मध्ये या दुसऱ्या गटाच्या वनस्पतींचाही विचार करून ती ९० कोटी वर्षांपर्यंत वाढवली. नंतरची काही गणितं तर त्याहीपुढे जातात.

गैरसमज ५ : पुढे कार्बन कमीच पडणार असेल, तर आज जाळलेला बरा.

वस्तुस्थिती : आज सोडलेला जादा कार्बन काही लाख वर्षांत पुन्हा खडकांत जाईल. कोट्यवधी वर्षांनंतरच्या टंचाईत त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्याचा ताप मात्र आत्ताच्या आणि पुढच्या असंख्य पिढ्यांना सोसावा लागेल.

गैरसमज ६ : शेतात बेसॉल्टची भुकटी पसरली की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : ही कल्पना शास्त्रशुद्ध आहे आणि भारतातही तिचे प्रयोग सुरू आहेत. भुकटी केली की झीज वेगाने होते, शिवाय जमिनीला खनिजं मिळतात. पण एक टन बेसॉल्ट पूर्ण झिजला, तरी तो साधारण ३०० किलो कार्बन डायऑक्साइड बांधतो. या हिशेबाने आजचं उत्सर्जन भरून काढायला दरवर्षी १२,००० कोटी टनांहून अधिक खडक दळावा लागेल. त्यामुळे हा उपाय उत्सर्जन घटवण्याला जोड म्हणून चालेल, पर्याय म्हणून नाही.

जीवसृष्टीचा अंत जवळ आलेला नाही. तिच्यापुढे अजून कोट्यवधी वर्षं आहेत, आणि हे सांगताना आनंद वाटतो. पण नद्यांचं वेळापत्रक, पिकांचे हंगाम आणि किनाऱ्यावरची गावं या कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात बसत नाहीत. ती येत्या काही दशकांत सावरायची आहेत. खडकांना तेवढी घाई करता येत नाही, म्हणून कोळसा आणि तेल जाळणं आपल्यालाच आवरावं लागेल.