रेकी व चिरकारी वेदना

तळहात शरीरावर हलकेच टेकवून अथवा शरीरापासून थोड्या अंतरावर धरून विश्वव्यापी जीवनशक्ती रुग्णाच्या देहात पोहोचविता येते, या कल्पनेवर आधारलेल्या जपानी उपचारपद्धतीस ‘रेकी’ म्हणतात. जपानी भाषेत ‘रेई’ म्हणजे दिव्य वा गूढ आणि ‘की’ म्हणजे जीवनशक्ती. भारतीय परंपरेतील ‘प्राण’ ही संकल्पना ‘की’शी काहीशी मिळतीजुळती आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला चिरकारी (दीर्घकालीन) वेदना म्हणतात. कंबरदुखी, सांधेदुखी, कर्करोग व मधुमेहजन्य तंत्रिका-विकृती यांतील अशा वेदनांवर नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून रेकीचा अवलंब केला जातो. मुख्य उपचार चालू ठेवून त्यासोबत योजिलेला उपचार ‘पूरक’ आणि त्याऐवजी योजिलेला ‘पर्यायी’ होय. रेकीच्या बाबतीत हा भेद निर्णायक आहे.

उगम व प्रसार : या पद्धतीचे प्रवर्तक मिकाओ उसुई (१८६५–१९२६) यांना क्योटोजवळील कुरामा पर्वतावरील उपवास व ध्यानधारणेतून १९२२ मध्ये या शक्तीचा साक्षात्कार झाला, असे सांगितले जाते. त्यांचे शिष्य व नौदलातील निवृत्त अधिकारी चुजिरो हायाशी यांनी टोकिओत उपचारकेंद्र चालविले. हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या हावायो टाकाटा (१९००–८०) यांनी १९३५ च्या सुमारास तेथे उपचार घेतले, पुढे विद्या आत्मसात केली आणि अमेरिकेत तिचा प्रसार केला. त्यांनी २२ गुरू तयार केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील शहरांतही रेकीचे वर्ग सुरू झाले. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाच्या कक्षेतील उपचारपद्धतींत मात्र रेकीचा समावेश नाही.

उपचारपद्धती : रुग्ण पूर्ण वस्त्रांनिशी शांत जागी आडवा होतो किंवा बसतो. उपचारक डोके, खांदे, छाती, पोट व पाठ अशा क्रमाने ठराविक ठिकाणी काही मिनिटे हात ठेवतो. मर्दन केले जात नाही व दाबही दिला जात नाही. एक बैठक साधारणतः पाऊण ते दीड तास चालते. या काळात ऊब, मुंग्या, जडपणा वा गाढ विश्रांती जाणविल्याचे अनेक रुग्ण सांगतात.

वेदनेचे स्वरूप : वेदना ही केवळ इजा झालेल्या भागातून निघालेली वर्दी नव्हे. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्तीनुसार मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत) वेदनासंदेशांचे नियमन होते आणि मेंदूकडून येणारे संदेश ते द्वार कमीअधिक उघडू शकतात. चिरकारी वेदनेत तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) अतिसंवेदनशील होऊ शकते. त्यामुळे मूळ जखम भरून आल्यावरही दुखणे उरते. चिंता, निद्रानाश व एकाकीपणा यांमुळे ते वाढते, तर विश्रांती, आश्वासक सहवास व बरे वाटण्याची अपेक्षा यांमुळे घटते. अपेक्षेचा हा परिणाम निव्वळ भ्रम नव्हे. दाढ काढलेल्या रुग्णांवरील १९७८ च्या अमेरिकन प्रयोगात, निर्गुण औषधाने मिळालेला आराम नॅलॉक्सोन या अफूविरोधी द्रव्याने नाहीसा झाला. शरीरात तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये त्या आरामामागे असावीत, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

चाचण्यांतील पुरावा : रेकीने बरे वाटले, एवढ्यावरून तो गुण जीवनशक्तीचा असे ठरत नाही. दुखणे पराकोटीला पोहोचल्यावर रुग्ण नवा उपचार शोधतो आणि त्यानंतर ते आपोआपही काहीसे ओसरते. म्हणून खऱ्या रेकीची तुलना प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने केलेल्या हुबेहूब अभिनयाशी करतात. मधुमेहजन्य वेदनादायक तंत्रिका-विकृतीच्या २०७ रुग्णांवरील चाचणीत (२००७) खऱ्या व नकली अशा दोन्ही रेकींच्या गटांत वेदना घटली. दोहोंत फरक आढळला नाही. फायब्रोमायाल्जिया या सर्वांगी वेदनांच्या विकाराच्या १०० रुग्णांवरील चाचणीत (२००८) रेकीगुरू व नट यांनी आठ आठवडे उपचार केले. रेकीने अथवा स्पर्शाने वेदनेत सुधारणा झाल्याचे दिसले नाही. रसायनोपचार घेणाऱ्या १८९ कर्करुग्णांच्या चाचणीत (२०११) खऱ्या व नकली, दोन्ही रेकींमुळे रुग्णांना अधिक स्वस्थ वाटले. स्पर्शोपचारांच्या २४ अभ्यासांचा आढावा (२००८) घेतला असता ० ते १० या मापनश्रेणीवर वेदना सरासरी ०·८३ अंकाने कमी आढळली. हा लाभ अल्प आहे. जीवनशक्तीचे अस्तित्व कोणत्याही भौतिक मापनाने सिद्ध झालेले नाही. रेकीशी साम्य असलेल्या ‘थेराप्यूटिक टच’ पद्धतीच्या २१ उपचारकांना पडद्याआड आपल्या कोणत्या हातावर दुसऱ्याचा हात धरला आहे, हे २८० पैकी केवळ ४४ टक्के वेळा ओळखता आले (१९९८). निव्वळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. यावरून मिळणारा आराम निवांत वेळ, आस्था व अपेक्षा यांतून येत असावा, असे दिसते.

उपयोग व मर्यादा : रेकीत औषध वा सुई नसल्याने तिचा प्रत्यक्ष अपाय जवळजवळ नसतो. खरा धोका निदान लांबण्यात व चालू उपचार सोडण्यात आहे. कंबरदुखीबरोबर पायांतील बळ जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप अथवा अकारण वजन घटणे, तसेच छातीत कळ येणे ही लक्षणे तातडीच्या वैद्यकीय तपासणीची असतात. अफूजन्य वेदनाशामके, स्टेरॉइडे वा गॅबापेंटिन ही औषधे एकाएकी थांबविल्यास गंभीर त्रास संभवतो. मधुमेहात इन्शुलीन सोडणे प्राणघातक ठरू शकते. ‘औषधे बंद करा’ असे सांगणारा उपचारक म्हणूनच टाळावा. उपचाराची माहिती वैद्याला द्यावी. स्पर्श नको असल्यास रुग्णाने तसे सांगावे.

पूरक म्हणून रेकी घेताना वेदनेची तीव्रता, झोपेचे तास, चालण्याची क्षमता व लागणाऱ्या गोळ्या यांची दैनंदिन नोंद ठेवावी आणि चारसहा आठवड्यांनी लाभ व खर्च ताडून पाहावा. व्यायाम, भौतिकोपचार, मानसोपचार व योग्य औषधे हा चिरकारी वेदनेच्या उपचाराचा मुख्य पाया होय. गर्दीच्या रुग्णालयात वैद्याला रुग्णाजवळ काही मिनिटेच थांबता येते, तर रेकीच्या बैठकीत त्याला तासभर कोणाचे तरी अखंड लक्ष लाभते. नकली रेकीनेही अनेकांना बरे वाटते, यावरून अशा आस्थेची गरज वैद्यकीय शुश्रूषेतही किती मोठी आहे, हे लक्षात येते.