लेकराची दाढ आणि दवाखान्याची धास्ती

लेकरू हट्टाला पेटले, जेवेना, झोपेना, की आपल्याकडे घरातले कोणीतरी मोठे माणूस एक अस्त्र हमखास बाहेर काढते. "गप बस, नाहीतर दवाखान्यात नेऊन सुई द्यायला लावीन!" लेकरू तेवढ्यापुरते गप्प होते. आजीला वाटते, काम झाले. पण दवाखाना ही शिक्षेची जागा आहे आणि डॉक्टर हा बागुलबुवाचा कोणीतरी भाऊबंद आहे, एवढे ज्ञान त्या चार वर्षांच्या डोक्यात पक्के बसते. पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्याच लेकराची दाढ किडते, रात्री ठणका लागतो, आणि आपण त्याला उचलून नेमके त्याच जागी नेतो. तिथे ते तोंड उघडत नाही, लाथा झाडते, डॉक्टरांचे बोट चावते. मग आपण चारचौघांत म्हणतो, "लई भित्रं हाय हो आमचं पोरगं."

आता ही भीती त्याने आणली कुठून? थोडीफार भीती लहान वयात असतेच. अनोळखी माणूस, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर दिवा, आडवे होणारी खुर्ची, हे सारे कोणालाही बुजवील. पण बाकीची भीती पुष्कळशी घरी तयार होते. मी दंतवैद्य नव्हे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. दात कसा भरावा हे डॉक्टर जाणोत. खुर्चीत बसण्याआधी लेकराच्या मनात काय चालते आणि त्यात घरच्यांना व गुरुजींना काय करता येते, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली अडचण एका समजुतीची आहे. "दुधाचा दात हाय, आज ना उद्या पडणारच. त्याला कशाला डॉक्टर?" हे वाक्य बीडमध्ये ऐकू येते, अंबाजोगाईत ऐकू येते आणि पाटोद्याच्या डोंगरातही ऐकू येते. दात पडला की तो माळवदावर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा, आणि उंदीरमामाकडे त्याच्यासारखा नवा दात मागायचा, ही गमत आपण सगळ्यांनी केलेली आहे. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. पण दुधाच्या वीस दातांपैकी मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने आणखी सहा-सात वर्षे भाकरी चावायची आहे. ती अकाली काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही. शिवाय दुधाच्या दातावरचे कठीण आवरण पातळ असते, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या पाठीमागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. आईला वाटते हीसुद्धा दुधाचीच. ती पक्की असते, जन्मभराची असते. पहिलीच्या वर्गातल्या मुलाने तोंड उघडले आणि शेवटच्या दाढेवर काळा ठिपका दिसला, तर "पडेल आपोआप" म्हणून चालणार नाही. ती गेली की गेली.

या समजुतीचा भीतीशी संबंध असा. आपण थांबतो. दाढेचा खड्डा लहान असतो तेव्हा दुखत नाही, म्हणून जात नाही. मग तो नसेपर्यंत पोचतो, लेकरू रात्रभर तळमळते, गाल सुजतो, आणि दंतवैद्याची पहिली ओळख होते ती अशा अवस्थेत, उपाशी, झोप न झालेली, ठणकणारी दाढ घेऊन. अशा वेळी कितीही हलक्या हाताचा डॉक्टर असला तरी त्रास व्हायचाच. लेकरू मनाशी हिशेब करते: दातांचा डॉक्टर म्हणजे दुखणे. हा हिशेब पन्नाशीपर्यंत टिकतो. मोठाली, मिशीवाली माणसे दंतवैद्याच्या दारातून परत फिरतात, त्यांच्या मागे बहुधा अशीच एखादी पहिली भेट असते. म्हणून पहिली भेट दुखण्याची नसावी. दुखत नसताना नुसते तोंड दाखवून आणावे, खुर्चीत बसवावे, खुर्ची वरखाली करून बघू द्यावी, आणि घरी यावे.

आपल्या जिल्ह्यात तर याला वेळेचेही बंधन आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखांनी माणसे कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागता लागता परततात. लहान लेकरे बरोबर असतात. कोपीत राहायचे, पहाटे अंधारात फडात जायचे, लेकरू रडू नये म्हणून हातात उसाचे कांडके नाहीतर चहात बुडवलेले बिस्कीट द्यायचे. आईचा यात दोष काय? तिचे दोन्ही हात कामात. पण अशा ठिकाणी मध्यरात्री दाढ ठणकली, तर मुकादमाला विचारून, रोज बुडवून, अनोळखी गावी डॉक्टर शोधावा लागतो. जी दाढ भाद्रपदात पंधरा मिनिटांत भरून झाली असती, ती पौषात लेकराचा आणि आईबापाचा जीव काढते. टोळी निघण्याआधी लेकराचे तोंड एकदा दाखवून घ्यावे. जी मुले मागे राहून हंगामी वसतिगृहात जेवतात, त्यांच्याकडे गुरुजींनी बघावे.

दुसरी गंमत शब्दाची आहे. आपण "दाताला कीड लागली" म्हणतो. लेकरू शब्दाचा अर्थ सरळ घेते. आपल्या तोंडात अळी वळवळते आहे, असे त्याला खरोखर वाटते. मोठ्यांनाही वाटत आलेच आहे. सुश्रुतसंहितेत या रोगाला कृमिदंत असेच नाव आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन "हे बघा पडले किडे" म्हणून दाखवणारे लोक आपल्या बाजारांत फिरत आलेले आहेत. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने शोधून पाहिले आणि आपल्याला असा किडा कधी दिसला नाही असे सांगितले. पुढे १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने मांडले की तोंडातले सूक्ष्म जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात झिजवते. म्हणजे डोळ्यांना दिसणारा किडा नाही. लेकराला सांगताना "तुझ्या दाढेला छोटा खड्डा पडलाय, त्यात गोड अडकून बसतं, डॉक्टर तो धुऊन बुजवणार" एवढे सांगावे. रस्त्यावरचा खड्डा त्याने पाहिलेला असतो. तो बुजवतात हेही पाहिलेले असते. (निदान पाहिलेले असावे!)

कधी सांगावे? आठ दिवस आधी सांगितले तर ते आठ दिवस कुढते. ऐनवेळी "बाजारला जाऊ" म्हणून फसवून नेले तर त्याहून वाईट. मग ते पुन्हा तुमच्याबरोबर बाजारालाही येणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सांगावे, सहज, जेवताना. मग घरीच खेळ मांडावा. लेकराने डॉक्टर व्हायचे, आजोबांनी पेशंट. हातात छोटा आरसा आणि चमचा. आजोबांचे उरलेसुरले दात मोजायचे. नंतर पाळी उलटी. तोंड उघडे ठेवून दहापर्यंत आकडे मोजायची सवय या खेळात होते, आणि दवाखान्यात तीच कामी येते.

बोलताना दोन वाक्ये टाळावीत. "घाबरू नको" आणि "मुळीच दुखणार नाही". आपल्याला वाटते आपण धीर देतो. पण लेकराच्या कानाला 'घाबर' आणि 'दुखणे' एवढेच शब्द लागतात. आणि जरा जरी टोचले तरी तुम्ही खोटे ठरता. "सुई देतील का?" असे त्याने विचारले, तर "मला माहीत नाही, आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू" हे उत्तर सगळ्यांत चांगले, कारण ते खरे आहे. मोबाईलवर दात काढतानाची चित्रे त्याला दाखवू नयेत. थोरल्या भावाला सोबत नेताना त्याला आधी तंबी द्यावी, कारण चिडवायला तोच पुढे असतो.

सकाळची वेळ घ्यावी. लेकरू ताजेतवाने असते. डॉक्टरांनी उपाशी आणायला सांगितले नसेल तर थोडे खाऊ घालून न्यावे. बरोबर एकच माणूस आत जावे. आपल्याकडे आई, बाप, आजी, मामा आणि गावातला एखादा जाणता असे पाच जण खुर्चीभोवती उभे राहतात, पाचही जण पाच सूचना देतात, आणि लेकरू कोणाचे ऐकावे या विचाराने रडू लागते. आत गेलेल्या माणसाने पायाशी किंवा बाजूला बसावे, हात धरावा, आणि बोलण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे. आईचा चेहरा पांढरा पडला तर लेकरू डॉक्टरांकडे बघतच नाही, आईकडे बघते. ज्याला स्वतःलाच सुईची धास्ती आहे त्याने बाहेर थांबावे. त्यात कमीपणा नाही. तीन वर्षांखालचे असेल तर आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, लेकराचे पाय आईकडे आणि डोके डॉक्टरांच्या मांडीवर. त्याला आई वर दिसत राहते.

चांगला डॉक्टर एकदम हत्यार हाती घेत नाही. अमेरिकेतील हॅरॉल्ड अ‍ॅडलस्टन या दंतवैद्याने १९५९ साली एक साधी रीत लिहून ठेवली, ती आज जगभर शिकवली जाते: आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे. पाण्याचा फवारा आधी लेकराच्या तळहातावर मारायचा. फिरणारा ब्रश आधी त्याच्या नखावर लावायचा. "आता हा घर्र आवाज करील, गुदगुल्या होतील." मगच तोंडात. खुणेची बोलीही ठरवतात: थांबायचे असेल तर डावा हात वर. लेकरू दोन-तीनदा उगाच हात वर करते, डॉक्टर खरेच थांबतात की काय ते पाहते. थांबले, की त्याचा विश्वास बसतो. आपल्या गुरुजींना ही रीत नवी वाटणार नाही. गणित शिकवताना ते हेच करतात.

आणि दर वेळी सुई-मशीन लागतेच असेही नाही. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेत टांझानियामध्ये, जिथे वीज नव्हती तिथे, नुसत्या हातातल्या छोट्या अवजारांनी दाढेतला मऊ, कुजका भाग खरवडून खड्डा चिकट सिमेंटने भरण्याची पद्धत निघाली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. लहान खड्ड्याला ती पुष्कळदा पुरते. त्याहून सोपे एक चांदीयुक्त फ्लोराइडचे औषध आहे. दाढेवर थेंबभर लावले की कीड थांबते. सुई नाही, आवाज नाही. २०२१ साली ते जागतिक संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. एक दोष आहे: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेला त्याचे काही वाटत नाही, समोरच्या दाताला आईने आधी विचार करावा. कीड नसेपर्यंत गेली असेल तर मात्र दाढ बधिर करून आतले साफ करावे लागते आणि वर धातूची टोपी बसवतात. दाढ बधिर झाली म्हणजे "झोपली" असे लेकराला सांगावे. घरी आल्यावर ती दोन-तीन तास झोपलेलीच असते. तेवढा वेळ ते स्वतःचा ओठ किंवा गाल चावून जखम करून घेते, त्याकडे लक्ष ठेवावे.

घरगुती उपायांत जपून राहावे. दाढेत मिश्री किंवा तंबाखू भरणे, हिरडीवर डोकेदुखीची गोळी दाबून ठेवणे, निव्वळ लवंगतेल ओतणे, यांनी तोंड भाजते आणि लहान जिवाला विषबाधाही होऊ शकते. आणि गाल सुजून डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सूज चढली, ताप आला, गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठा दवाखाना गाठावा.

कुठे दाखवावे, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते, आणि त्यात दातांची कीडही बघायची असते. पथक येईल त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नये, आणि गुरुजींनी "दातांचंही बघा" असे आठवणीने म्हणावे. पुढील उपचारासाठी पथक चिठ्ठी देते. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि गुंतागुंतीचे काम असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

उपचार झाल्यावर बक्षीस म्हणून चॉकलेट देऊ नये, हे सांगायला नकोच. पण देतात, म्हणून सांगितले. एक चेंडू द्यावा. आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांसमोर "किती रडलं" हे न सांगता "दहापर्यंत तोंड उघडं ठेवलं होतं" हे सांगावे, लेकराला ऐकू जाईल अशा आवाजात. रडले असले तरी त्याने तोंड उघडले होते ना? पुढची तारीख डॉक्टर देतील, साधारण सहा महिन्यांनी. ती टोळी बाहेर असतानाची निघाली, तर तिथेच सांगून दसऱ्याआधीची मागून घ्यावी.