वाळूत रोवलेला खांब

सांगलीच्या घाटाजवळ कृष्णेच्या कोरड्या वाळूत एक काठी वीतभर रोवा आणि वरचे टोक आडवे ढकला. काठी कलते, पुढची वाळू फुगते. आता तीच हातभर रोवा. खोली दुप्पट, पण जोर दुपटीहून पुष्कळच अधिक लागतो! असे का?

वाळूची पकड म्हणजे कणाकणांतील घर्षण. ते वरच्या वाळूच्या दाबाने येते. म्हणून खोलीबरोबर पकड वाढते.

१९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेथील फलाट समुद्रतळात ठोकलेल्या पोलादी नळखांबांवर उभे आहेत. वर माणसे राबतात; खाली पावसाळी लाटा खांबांना आडव्या ढकलतात.

तळ वाळूचा असेल, तर हा धक्का मुख्यतः वरचे थर झेलतात, आणि तेच दुबळे! प्लावक बलामुळे बुडालेल्या वाळूचा दाब कमी असतो. शिवाय प्रवाह खांबाभोवतीची वाळू उकरून नेतो. तेवढी वाळू अभियंता हिशेबातून आधीच वगळतो.

मग खांब लांबच लांब करावा काय? नाही. ठरावीक खोलीनंतर त्याचे खालचे टोक हलतच नाही. पुढची लांबी आडव्या धक्क्याला निरुपयोगी. मात्र नळीचा व्यास आणि जाडी दोन्ही दुप्पट केली, तर वाकण्यास होणारा विरोध १६ पट होतो.

बारीक वेत आणि जाड काठी सारख्याच खोल रोवून तुम्हीच पडताळून पाहा.