जुन्या पिस्तुलांचा शोध

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता घोडे दौडत नाहीत. तेथे कारखाने आणि वीज-कंपनीची कचेरी उभी आहे. मैदान गेले, पण नाव राहिले. जुन्या पिस्तुलांचे मात्र उलट होते: वस्तू उरते आणि तिचे नावगाव हरपते. १८१८ साली होळकरांची राजधानी झालेल्या या शहरातही शोधकाला हाच अनुभव येतो.

निराशा तर पदोपदी. नवी नक्कल तेजाबाने गंजवून जुनी म्हणून विकली जाते. कधी नळी एका पिस्तुलाची, तर चाप दुसऱ्याचा असतो. गारगोटीच्या ठिणगीने उडणारी कित्येक पिस्तुले एकोणिसाव्या शतकात टोपीची करून घेण्यात आली. तो बदलही ओळखता आला पाहिजे. परंतु गंजाखाली कारागिराचा ठसा दिसला, की सारे श्रम सार्थकी लागतात. म्हणून गंज घासून काढण्याची घाई कधीच करू नये.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशाच चिकाटीने हजारो वस्तू, त्यांत शस्त्रेही, जमविल्या आणि तो संग्रह अल्पवयात वारलेल्या राजा या मुलाच्या नावे समाजाला दिला.

वाचकहो, आपल्या माळ्यावर असे पिस्तूल सापडल्यास मुलांच्या हाती देऊ नये, चापही ओढू नये. नळीत जुनी दारू भरलेली असू शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने सूट दिली आहे ती दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या जुन्या शस्त्रासच. यासाठी प्रथम पोलिसांस कळवावे आणि मगच ते अभिमानाने जपावे, असे आम्ही सुचवितो.